पायपाय ३.११ बीटा, कामाला लावून बघितल्यावर

पहिलंच सांगतो, बीटा (म्हणजे अजून पूर्ण पक्की न झालेली आवृत्ती) हा शब्द बघून जे लोक लांब पळाले ते चुकीच्या गोष्टीला घाबरले. मला पायपाय ३.११ मध्ये जो काय त्रास झाला त्यातला बहुतेक बीटापणाचा नव्हताच, तो पायपायचा मूळ स्वभाव आहे, नंतर त्यावर स्टेबलचा शिक्का बसला तरी तो तसाच राहणार. आणि फायदा म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण पायथन पायथन म्हणतो तो सीमध्ये लिहिलेला सीपायथन. पायपाय म्हणजे भाषा तीच, चालवणारं इंजिन दुसरं, आणि ते इंजिन पायथनच्याच एका काटछाट केलेल्या रूपात लिहिलंय, त्याला आरपायथन म्हणतात. प्रोजेक्ट काय नवा नाही, १.० आवृत्ती २००७ ची. नवं होतं ते ३.११ ची भाषा समजणारं व्हर्जन, ते २०२५ च्या फेब्रुवारीत पायपायच्या स्वतःच्या ७.३.१८ आवृत्तीसोबत आलं, बीटा म्हणून. मी लगेच उतरवून घेतलं कारण माझं काम अडलेलं होतं, हौस म्हणून नाही.

काम असं. आमच्या खानापूर तालुक्यातली एक पतसंस्था, जुनं सभासद रजिस्टर मराठीत, कुणीतरी कधीकाळी टाईप करून ठेवलेलं, आणि नवी केवायसीची यादी काही कन्नडमध्ये काही इंग्रजीत. दोन्हीकडचा माणूस एकच आहे का ते जुळवायचं. बेळगाव भागातल्या लोकांना यातलं दुखणं सांगायची गरज नाही. यल्लाप्पा, येल्लाप्पा, यल्लप्पा हा एकच माणूस, परशराम आणि परशुराम पण एकच, आणि कुऱ्हाडे हे आडनाव तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना अर्ध्या ठिकाणी मधे चक्क आडवी रेघ घेऊन आलेलं, कु-हाडे. इंग्रजी यादीचं रडगाणं वेगळंच आहे, ते इथे नको.

कन्नडचं मात्र सोपं निघालं. युनिकोडमध्ये कन्नड आणि देवनागरीचे तक्ते एकाच साच्यावर बेतलेत, आपल्याकडच्या जुन्या इस्की कोडिंगची कृपा, त्यामुळे कन्नड अक्षराच्या नंबरातून ८९६ वजा केले की बहुतेक वेळा देवनागरीतलं तेच अक्षर हातात येतं. फक्त कन्नडला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओचंही तसंच, ते दोन्ही एकाच मात्रेत ओढून घ्यावे लागतात. एवढं केलं की दोन्ही याद्या एका लिपीत.

मग नावांमधलं अंतर काढायचं, म्हणजे या नावाचं ते नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात. यासाठी रॅपिडफझ नावाची तयार लायब्ररी आहे, आतून सी प्लस प्लस, ती जिथे चालते तिथे पायपायला विचारतंय कोण, सरळ सीपायथनवर ती लावा आणि मोकळे व्हा. माझी अडचण अशी की मला प्रत्येक अक्षरजोडीला वेगळा दंड पाहिजे होता. ल चा ळ झाला तर थोडासा, श चा ष झाला तर थोडासा, ऱ्हस्व दीर्घ चुकलं तर जवळपास काहीच नाही, पण क चा म झाला तर पूर्ण. ते तिथे बसत नाही. म्हणून स्वतःचा कोड, लूपच्या (तेच काम परत परत फिरवणाऱ्या कोडच्या) आत लूप, आणि बाहेर आणखी एक लूप कारण एका यादीतलं प्रत्येक नाव दुसऱ्या यादीतल्या त्या गावच्या सगळ्या नावांशी लावून बघायचं. सीपायथनला असल्या लूपचं वावडं आहे. तो प्रत्येक बेरजेला एक इंटीजरचं, म्हणजे पूर्णांकाचं, ऑब्जेक्ट हातात घेतो, उघडतो, बेरीज करतो, परत गुंडाळतो.

पायपाय काय करतो, तर लूप हजारेक वेळा फिरेपर्यंत गप्प बघत बसतो, डिफॉल्ट आकडा १०३९ आहे, आणि मग ज्या वाटेने लूप फिरला ती वाट नोंदवून तिचा थेट मशीन कोड करतो. हे करणारा भाग म्हणजे जेआयटी. त्या वाटेवर मधे मधे चौक्या असतात, हा अजून इंटीजरच आहे ना, एवढंच तपासतात, आणि बाकीचं सगळं गुंडाळणं उघडणं गळून जातं. माझ्या कामात जे चालवायला सीपायथनवर घरी जाऊन जेवून थोडं पडून यावं एवढा वेळ लागायचा ते आता चहा संपायच्या आत होतं. त्यांच्या साईटवर सरासरी जवळपास तिप्पट वेग म्हणतात, पण सरासरीवर जाऊ नका, तुमचा कोड कसला आहे त्यावर सगळं. माझ्याकडे तिपटीपेक्षा खूपच जास्त मिळालं कारण माझं काम म्हणजे निव्वळ लूप आणि आकडे.

संस्थेचे सेक्रेटरी अण्णा, वय झालेले, पहिल्यांदा असं झटक्यात झालेलं बघून खूश व्हायचं सोडून संशयानं बघायला लागले. "एवढ्यात झालं काय रे? नीट बगितलास काय?" मी म्हटलं "अण्णा, तुम्हीच कुठलीपण पन्नास नावं काढा आणि तपासा की." त्यांनी खरंच बसून तपासली, चष्मा वर खाली करत.

इथं एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पायपाय स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आतून यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, ७.१ पासून, २०१९ पासून. इंग्रजी नावाला काही फरक पडत नाही पण देवनागरीचं एक अक्षर म्हणजे तीन बाईट, त्यामुळे सातवं अक्षर दे म्हटलं की त्याला आतल्या सूचीतून थोडं शोधावं लागतं. लूपच्या पोटात ते कोट्यवधी वेळा झालं तर जाणवतं. म्हणून नाव आत घेतानाच एकदा त्याची आकड्यांची लिस्ट करून ठेवायची, प्रत्येक अक्षराचा ऑर्ड, म्हणजे युनिकोड नंबर, काढून. लिस्टमध्ये सगळे इंटीजरच आहेत हे दिसलं की पायपाय ती लिस्ट साध्या आकड्यांच्या पट्टीसारखी ठेवतो, प्रत्येकाचं वेगळं ऑब्जेक्ट करत नाही. एवढ्या एका बदलाने जो फरक पडला तो बाकी सगळ्या कलाकुसरीने मिळून पडला नाही.

आता त्रास. सगळ्यात डोकं खाल्लं ते फाईलींनी. सीपायथनमध्ये फाईल उघडून लिहिली आणि बंद करायची तसदी घेतली नाही तरी चालून जातं, कारण ते ऑब्जेक्ट कुणी धरलेलं नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे मरतं आणि मरताना फाईल बंद करून जातं. पायपायमध्ये तसा हिशोब ठेवत नाहीत, कचरा गोळा करणारा त्याच्या सवडीने येतो, तोपर्यंत लिहिलेलं डिस्कवर पोचलेलंच नसू शकतं. संस्थेकडं आधीच्या कुणीतरी करून दिलेल्या स्क्रिप्ट होत्या, त्यात सगळीकडे एका ओळीत उघडा आणि लिहा, विषय संपला. ती स्क्रिप्ट पायपायवर चालवली तर सीएसव्ही तयार, आणि लगेच पुढच्या टप्प्यात वाचायला घेतली तर शेवटची नावं गायब. एसक्यूलाईट डेटाबेसचं पण तेच, कर्सर (डेटाबेसमधून वाचणारं ऑब्जेक्ट) लोंबकळत राहिला की डेटाबेस लॉक्ड म्हणून ओरडतंय. उपाय सोपा आहे, सगळीकडे विथ लावा, म्हणजे काम संपलं की फाईल आपोआप बंद होते, पण ते कुठे कुठे लावायचं हे शोधायला पायपायचाच एक स्विच आहे, एक्स ट्रॅक रिसोर्सेस म्हणून, तो दिला की बंद न केलेली फाईल कुठल्या ओळीवर उघडली होती ते दाखवतो. हा स्विच मला आधी कुणी सांगितला असता तर बरेच दिवस वाचले असते.

दुसरं, सीमध्ये लिहिलेली पॅकेजेस. आकड्यांच्या आणि तक्त्यांच्या कामाची नम्पाय, पांडाज वगैरे. ती सीपायथनच्या आतल्या रचनेवर बेतलेली, त्यामुळे पायपायला त्यांच्यासाठी एक खोटा सीपायथन उभा करावा लागतो, आणि तो पूल प्रत्येक वेळी ओलांडायला वेळ लागतो. चालतं, नाही असं नाही, पण छोट्या छोट्या ॲरे घेऊन नम्पायला हाका मारत बसलात तर सीपायथनपेक्षा पण हळू. पांडाज इन्स्टॉल करायला घेतलं तर ते सोर्सवरून बिल्ड व्हायला लागलं, आमच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात लॅपटॉपचा फॅन असा ओरडायला लागला की बाजूच्या पोरानं विचारलं काय चाललंय. मी ते मधेच बंद केलं. एक्सेल वाचायला ओपनपायएक्सेल, ते शुद्ध पायथन, ते निमूट चाललं, माझं तेवढ्यावर भागलं.

छोट्या स्क्रिप्टसाठी तर लावूच नका. दोन सेकंदात संपणाऱ्या कामाला पायपाय गरम होईपर्यंत काम संपलेलं असतं, एका कास्टिंगसाठी उद्यमबागेतल्या कारखान्यात भट्टी पेटवल्यासारखं. आणि मल्टिप्रोसेसिंग करून चार प्रोसेस सोडल्या तर चारही आपापल्या गरम होतात, एकाची ऊब दुसऱ्याला मिळत नाही. मेमरी पण जास्त खातो, आठ जीबीच्या मशीनवर ब्राऊझर बंद करून बसायची सवय लागली. जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप, आहेच, ते गेलेलं नाही, थ्रेड टाकून वेग वाढेल म्हणून कुणी आशेवर बसू नये.

आणखी एक किडा. स्ट्रिंगला लूपमध्ये अधिक अधिक करत वाढवत जायची आपल्याकडे सगळ्यांना सवय असते. सीपायथन तिथे आतल्या आत चलाखी करून वाचवतो, पायपाय वाचवत नाही, दर वेळी सगळी स्ट्रिंग नव्याने कॉपी. मोठा रिपोर्ट असा जोडत गेला की वेग एकदम बसतो. लिस्टमध्ये टाकून शेवटी जॉईन करा, संपलं.

म्हणजे बघा, फाईली, सी पॅकेजेस, गरम व्हायचा वेळ, स्ट्रिंग, यातलं काहीही बीटामुळे नाही. २.७ च्या पायपायवर पण हेच होतं. मग बीटाचा असा त्रास काय झाला? खरं बीटाचं म्हणावं असं एकच, की ७.३.१८ नंतर त्याच महिन्यात ७.३.१९ आलं, मुख्यतः दुरुस्त्यांसाठी, आणि त्यात जेआयटीतल्या दुरुस्त्या पण होत्या. म्हणजे वेगाच्या नादात चुकीचं उत्तर यायची शक्यता धरूनच चालायचं. पैशाशी संबंध असलेली यादी आहे म्हटल्यावर मी एक शिस्त लावून घेतली, तेच काम एका लहान गावाच्या यादीवर तीन प्रकारे चालवायचं, सीपायथनवर, पायपायवर, आणि पायपायवर जेआयटी ऑफ करून, तसा स्विच आहे. तिन्हीची सीएसव्ही डिफने ओळीला ओळ लावून ताडायची, एक ओळ जरी इकडची तिकडे दिसली तर थांबायचं. माझ्याकडे आजवर फरक आला नाही, तरी प्रत्येक नव्या व्हर्जनला हे करतोच. पटलं तर तुम्ही पण करा.

इन्स्टॉल म्हणाल तर काहीच नाही, टार फाईल उतरवा, कुठल्याही फोल्डरमध्ये उघडा, आत बिनमध्ये पायपाय३ आहे, त्याच्यानेच व्हीएन्व्ह, म्हणजे या कामापुरतं वेगळं पायथन, करा, पॅकेजेस बसवणारा पिप नसेल तर एन्शुअरपिप चालवा. सिस्टिमच्या पायथनला हात लागत नाही, नको वाटलं तर फोल्डर उडवा. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. जुळवणीचा मोठा फेरा पायपायवर, रिपोर्ट आणि बाकी किरकोळ सगळं सीपायथनवर. सीपायथनने पण ३.१३ मध्ये जेआयटी घातलाय, २०२४ च्या ऑक्टोबरात, पण तो प्रायोगिक आणि डिफॉल्टने बंद, त्यामुळे सध्या असल्या लूपला त्याच्याकडून मला फार अपेक्षा नाही.

एक राहिलं, विंडोजवाल्यांसाठी. ३.११ चं पायपाय फक्त ६४ बिटवर मिळतं. संस्थेतला कॉम्प्युटर जुना, ३२ बिटची विंडोज, आणि अण्णा तो बदलायचं नाव काढू देत नाहीत, "चालायलंय न्हवं" म्हणतात. त्यामुळे जुळवणी माझ्या लॅपटॉपवर होते आणि पेन ड्राईव्हवरून सीएसव्ही तिकडे जाते.