सीबीटीचे आठ महिने : फॉर्म इंग्रजीत, भीती मराठीत

काल माझी सीबीटीच्या गृहपाठाची दोनशे पानी वही संपली, म्हणून लिहायला बसले. सीबीटी म्हणजे चिंतेवर मी घेतलेली समुपदेशनाची पद्धत, यात आपले विचार आणि वागणं तपासून बदलायचं असतं. बाकी माहिती सगळीकडे वाचायला मिळते, ती सोडून देते.

सेशनचे १,५०० रुपये, ४५ मिनिटं. एकूण १४ झाली, म्हणजे २१,००० रुपये. मी व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून घर चालवते, रुपया कुठे गेला ते मला पाठ असतं. पाचव्या सेशननंतर डोक्यात एकच होतं: साडेसात हजार गेले आणि रात्री तीनला जाग येणं काही थांबलं नाही. त्यात पावसात लोकल बंद पडून एक सेशन चुकलं, तर सेंटरने त्याचेही पूर्ण पैसे लावले. भांडून निम्मे परत घेतले. तो राग अजून गेलेला नाही. तेव्हा विचारलं असतंत तर जाऊ नका म्हणाले असते.

आता मुद्द्याचं, म्हणजे मनात आलेला विचार तपासायला घरी भरायचा तो फॉर्म. सात रकाने: प्रसंग, भावना, आपोआप आलेला विचार, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी विचार, आता भावना किती. छापील, इंग्रजीत. मीही इंग्रजीत भरायचे, 'आय ॲम इनकॉम्पिटंट', त्या विचारावर विश्वास ७० टक्के. पुरावे लिहिले की ३० वर यायचा. कागदावर सगळं छान, छातीत धडधड तीच.

सहाव्या सेशनला समुपदेशक बाईंनी विचारलं, "ताई, रात्री तीनला हे वाक्य इंग्रजीत येतं का हो?"

नाही येत. येतं ते असं: 'एवढं साधं जमत नाही, काय उजेड पाडणार आहेस?' हे मोठ्याने म्हणताना माझा आवाज फुटला. विश्वास? ९५ टक्के. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात रुग्णांचे 'आपोआप येणारे' विचार हेरले, त्यावर ही सगळी पद्धत उभी आहे. माझ्यापुरतं सांगते, आपोआप येतं ते ज्या भाषेत बोलणी खाल्ली त्याच भाषेत येतं. पाच सेशन मी भलत्याच वाक्याशी झगडत होते.

त्या दिवसापासून वही मराठीत. एक पान जसंच्या तसं देते. प्रसंग: एका व्यापाऱ्याचं एक बिल जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, राहिलं. विचार: वरचाच. विरुद्ध पुरावा: बिल पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये घेतलं, व्यापाऱ्याचा फोनसुद्धा आला नाही. पर्यायी विचार: 'बिल राहिलं, भरून काढलं. एका बिलावरून माझं माप काढायचं नाही.' ९५ चे ४० झाले. आणि त्या रात्री झोप लागली.

दुसरा गृहपाठ, भरलेलं रिटर्न सहा वेळा उघडून बघायचं ते एकदाच बघणं, फार जड गेला. महिना लागला.

जीएडी-७ या चिंता मोजायच्या प्रश्नावलीत (जास्त गुण म्हणजे जास्त चिंता) २१ पैकी १६ होते, आता ७ आहेत. रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आदल्या रात्री अजूनही पोटात गोळा येतो. पण तासाभरात उतरतो, पूर्वी दोन दिवस राहायचा.

जाणार असाल तर पहिल्याच सेशनला मराठीतून काम करणार का ते विचारा. फी झेपत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तिथे पूर्ण सीबीटी होत नाही, पण मराठीत बोलता येतं, पुढे कुठे जायचं ते कळतं. आणि रकाने वही आडवी धरून आखा. उभ्या पानावर सात मावत नाहीत, आणि 'विरुद्ध पुरावा' रुंद ठेवा.