आजीच्या मधल्या नावाचा शोध: ‘स्कॉटलंड्स पीपल’ वापरून पाहिलं

आमची आजी 1906 ला परभणीत जन्मली. तिचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, ग्लासगोहून आलेले फिटर. गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज लाइनीवर निजामाच्या राज्यात नोकरीला होते. आजीच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर तिचं मधलं नाव एक विचित्र आडनाव होतं. ते ना पणजोबांचं, ना कुणा ओळखीच्याचं. मायला विचारलं की म्हणायची, ‘आईला पण ठाऊक नव्हतं ग.’

निवृत्त झाल्यावर मी हे मनावर घेतलं. ‘स्कॉटलंड्स पीपल’ ही स्कॉटलंड सरकारचीच साइट आहे. 1 जानेवारी 1855 पासून तिथं जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली, तिची पानं इथं पाहता येतात. त्याआधीच्या चर्चच्या वह्या 1553 पर्यंत मागं जातात. खातं उघडणं आणि यादीत शोधणं फुकट. मूळ पान उघडायचं तर पैसे: साडेसात पाउंडांत तीस क्रेडिट, जन्माच्या एका पानाला सहा.

इथंच माझे क्रेडिट वाया गेले. पणजोबांचं जन्मसाल साधारण 1872 एवढंच माहीत, आणि त्या नावाची मुलं ग्लासगोत ढीगभर. जुन्या जन्मांच्या यादीत आईबापांची नावं दिसत नाहीत, पान उघडल्याशिवाय कळत नाही. तीन पानं चुकीची निघाली, अठरा क्रेडिट गेले. ही या साइटची मोठी उणीव आहे. घाई करू नका, आधी घरातली प्रत्येक चिठ्ठी वाचून काढा.

चौथं पान उघडलं आणि मी खुर्चीतून उठले. पणजोबांचा बाप इंजिन फिटर. आईच्या नावापुढं तिचं माहेरचं आडनाव, आणि तेच आजीचं मधलं नाव! स्कॉटिश लोकांत आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव लेकराला मधलं नाव म्हणून द्यायची रीत होती. परभणीत बसून पणजोबांनी आपल्या आईचं माहेर लेकीच्या नावात जपलं होतं. तिकडच्या नोंदीत बाईचं माहेरचं आडनाव पुसत नाहीत, हे मला फार आवडलं.

पानावर जन्माची वेळसुद्धा होती, पहाटे चार. आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही. मायनं वेळ ऐकली आणि म्हणाली, ‘आपल्याकडं पत्रिकेत असते तशी!’ खाली सही नव्हती. फुलीची खूण, शेजारी लिहिलेलं की ही आईची खूण. माझी खापरपणजी लिहायला शिकली नव्हती. ती फुली किंचित तिरकी आहे, एक रेघ दुसरीपेक्षा लांब.

उरलेल्या सहा क्रेडिटमध्ये 1881 ची जनगणना पाहिली. त्यांच्या जनगणनेत खिडकी असलेल्या खोल्या किती, हा रकाना असतो. घरात सात माणसं, आणि त्या रकान्यात आकडा एक. पणजोबा नऊ वर्षांचे, शाळेत जाणारे. एवढ्या लांब का आले, हे त्या एका आकड्यानं मला सांगितलं.

पुढचं इथं मिळत नाही. हिंदुस्थानात मेलेल्या माणसाची नोंद स्कॉटलंडच्या वहीत सापडेल ही आशा धरू नका. ब्रिटिश कुटुंबांच्या हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळ शोधायच्या साइटवरही बरंच काही फुकट शोधता येतं, आधी तिथूनच सुरुवात करा. अलीकडच्या नोंदी मात्र ‘स्कॉटलंड्स पीपल’वर उघडत नाहीत: जन्म शंभर, लग्न पंचाहत्तर, मृत्यू पन्नास वर्षांपर्यंत.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या यादीसाठी कापला. जन्माचं पान रंगीत छापून घेतलं, मायच्या उशाशी ठेवलंय. ती चष्मा लावून ती फुली बोटानं चाचपते.