तान्ह्या पोळ्याला पडदा-प्रोजेक्टर भाड्यानं आणला, त्याबद्दल

तालुक्याच्या गावी एका डेकोरेशनवाल्याकडं पडदा, प्रोजेक्टर, साऊंड बॉक्स असा पूर्ण सेट भाड्यानं मिळते. १८०० रुपये, गाडीभाडं धरून. आम्ही तान्ह्या पोळ्याच्या रात्री समाजमंदिरासमोर दादासाहेब फाळकेंचा ‘कालिया मर्दन’ लावला, पोट्टे लाकडी बैल मिरवून आले न् तिथंच सतरंजीवर बसले.

ऑपरेटर पोरगा लय हुशार. सिनेमा १९१९चा, मूकपट, तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, सेकंदाला १६च्या आसपास फ्रेम, तेच आता २४नं चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात न् लोक भलत्याच जागी हसतात. यानं आधी थोडं लावून बघितलं न् म्हणाला, “भाऊ, हे लय जोरात पळून राह्यलं, हळू करू काय?” स्पीड ०.७५वर आणला आणि सगळं माणसासारखं दिसाले लागलं.

आणि याचा खरा फायदा झाला तो मंदाकिनीचं काम बघताना. मंदाकिनी म्हणजे फाळकेंची मुलगी, तेव्हा सातेक वर्षांची, सिनेमात बाळकृष्ण तीच. सुरुवातीला नुसता तिचा चेहरा येते, त्यावर एकामागून एक भाव बदलत जातात आणि बघता बघता तिचा कृष्ण होते. मोबाईलवर हे मी आधी बघितलं होतं पण मोठ्या पडद्यावर तिची भुवई हलली ती पार मागं उभ्या असलेल्या गड्यांनाही दिसली. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करायला बाई भेटली नाही म्हणून साळुंके या पुरुष नटानं लुगडं नेसलं, १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम पण तेच न् सीता पण तेच, आणि इथं एक एवढीशी पोरगी मुलाचं काम करून अख्खा सिनेमा ओढून नेते. शेठजीची दाढी बायकोच्या केसाला बांधते तिथं तर पोट्टे लोळलेच. शेजारची आजी म्हणे, “हे पोरगी होय? मले तं कृष्णच वाटला बावा.” माझ्या मते फाळकेंचं नाव घेताना या पोरीचं नाव सोबत यायलाच पाहिजे, ते येत नाही याचं वाईट वाटते. फाळकेंचे बहुतेक सिनेमे नष्ट झाले, हा बराचसा वाचला हे नशीबच.

आता तक्रार. जनरेटर सेटमध्ये नाही हे आधी सांगितलंच नाही, आणि कृष्णानं डोहात उडी घेतली न् लाईन गेली. वीसेक मिनिटं सगळे अंधारात. पडद्याचा स्टँडही हलका, वाऱ्यानं डोलत होता, शेवटी बैलबंडीच्या जुवाला दोर बांधला. साऊंड बॉक्स घरघरत होता पण आम्ही तो बंदच केला, आपल्या भजनी मंडळानं पेटी-ढोलकी धरली, कालिया नागाच्या फण्यावरच्या कृष्णाच्या नाचाला तर काय ठेका दिला!

पाचपैकी चार. सिनेमा यूट्यूबवर आहे, पेनड्राईव्हवर घेऊन ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका, न् जनरेटरचं बुकिंग करतानाच बोलून घ्या, गणपतीत भाव वाढते.