गादीची माइटरोधक खोळ : दम्याच्या घरात कितपत उपयोगी?

आमच्या मुलीला बालदमा आहे आणि त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत तिला डस्ट माइटची ॲलर्जी असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही तिच्या गादीला आणि उशीला सर्व बाजूंनी झिपने बंद होणारी माइटरोधक खोळ घातली. पावसाळा आणि थंडी, हे तिच्या त्रासाचे दोन्ही ऋतू पार पडल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. खोळ घेण्यासारखी आहे, असे माझे मत आहे. मात्र ती कोणासाठी घ्यायची आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्यायला हवे.

डस्ट माइट हा साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा आठ पायांचा जीव आहे. तो चावत नाही. आपल्या त्वचेचा झडणारा कोंडा खाऊन तो जगतो आणि पाणी पिण्याऐवजी हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणूनच मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, त्याचे चांगलेच फावते. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. विष्ठेचे हे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात; झोपेत कूस बदलली की ते वर उडतात, नाकातोंडात जातात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली बसतात. ते हवेत फार काळ तरंगत राहत नसल्यामुळे, निदान माइटच्या बाबतीत, महागडे हवा शुद्धीकरण यंत्र घेण्याआधी अंथरुणाकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

गाद्यांना ऊन दाखवण्याची आपल्याकडची रीत चांगलीच आहे. कडक उन्हाने गादी कोरडी होते आणि माइटची संख्या घटते. परंतु मेलेल्या माइटची आणि त्यांच्या विष्ठेची प्रथिने गादीत तशीच राहतात. कापसाची जुनी गादी पिंजून घेताना तर वर्षानुवर्षांची धूळ एकदम बाहेर पडते. त्या वेळी दम्याच्या रुग्णाला तिथे थांबू देऊ नये. खोळीचे काम यापेक्षा वेगळे आहे: आतले कण ती आतच कोंडून ठेवते आणि त्वचेचा नवा कोंडा आत जाऊ देत नाही.

हे काम कापडाच्या विणीवर अवलंबून असते. कापडाची छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा लहान असावीत, ६ मायक्रॉनच्या आसपास असल्यास उत्तम. वेष्टनावर हा आकार दिलेला नसेल आणि नुसते ‘अँटी-ॲलर्जी’ छापलेले असेल, तर ती खोळ घेऊ नये. फक्त वरची बाजू झाकणारे, इलॅस्टिकचे जलरोधक आच्छादनही या कामाचे नाही, कारण गादीच्या कडा आणि तळ उघडेच राहतात. आम्ही आधी एका दुकानातून रेक्झिनसारखी जाड खोळ आणली होती. तिच्यावर अंग घामाने चिकटायचे आणि मुलगी रात्री गादी सोडून फरशीवर झोपायची. आताची खोळ घट्ट विणीच्या मायक्रोफायबरची आहे, तिचा आवाज होत नाही आणि मे महिन्यातही ती सहन होते.

दोष सांगायचा तर झिपचा. ती जिथे संपते त्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहते. खोळीत हातातली टॉर्च पेटवून ठेवली असता त्या फटीतून आणि शिवणीवरच्या सुईच्या भोकांतूनही प्रकाश बाहेर आलेला स्पष्ट दिसला. कोपऱ्यावर कापडी चिकटपट्टी लावून आम्ही फट बंद केली, पण एवढी किंमत मोजल्यावर हे काम कंपनीनेच करून द्यायला हवे होते. शिवाय तयार मापे फोमच्या गाद्यांची असतात. कापसाची गादी घरी मोजून, जाडीसह माप द्यावे लागते.

आता परिणामाविषयी. मुलीचा पहाटेचा खोकला आणि सकाळच्या शिंका कमी झाल्या आहेत. मात्र याचे सगळे श्रेय खोळीला देता येणार नाही, कारण त्याच काळात तिचा इन्हेलर नियमित झाला, खोलीतील जाड पडदे निघाले आणि डास पळवणारी कॉइल कायमची बंद झाली. वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ खोळी वापरून काहीही फायदा दिसला नाही. याउलट, दम्याच्या तीव्र झटक्यामुळे रुग्णालयात न्याव्या लागलेल्या आणि माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ मुलांवरील, मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्या खोळी मिळालेल्या गटातील सुमारे २९ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा रुग्णालय गाठावे लागले, तर तुलनेसाठी दिखाऊ, म्हणजे माइटचे कण न अडवणाऱ्या, खोळी मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. तोंडावाटे घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गरजेत मात्र ठळक फरक आढळला नाही. म्हणून चाचणी न करता, केवळ दमा आहे म्हणून ही खोळ घेण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्याचा त्रास झुरळांमुळे, उदबत्तीच्या किंवा फोडणीच्या धुरामुळे किंवा भिंतीवरच्या बुरशीमुळे वाढतो, त्याने तोच पैसा झुरळांचा बंदोबस्त, स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा किंवा गळकी भिंत दुरुस्त करण्यावर खर्चावा.

खोळ घातली म्हणजे धुण्याचे काम संपत नाही. तिच्यावरची चादर आणि अभ्रा दर आठवड्याला ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावा लागतो. थंड पाण्यात धुतल्याने विष्ठेचे कण बऱ्याच अंशी निघून जातात, पण माइट मरत नाहीत. गोधडीही अशीच गरम पाण्यात धुता येते, त्यामुळे धुता न येणाऱ्या कापसाच्या रजईपेक्षा ती बरी. त्याच खोलीत दुसरे कोणी उघड्या गादीवर झोपत असेल, तर तिलाही खोळ घालावी.

इन्हेलर किंवा अन्य औषध मात्र खोळीच्या भरवशावर स्वतःहून कमी करू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच. सगळा संच एकदम परवडत नसेल, तर आधी उशीची खोळ घ्यावी, कारण रात्रभर नाक तिच्याच सर्वांत जवळ असते, आणि मग पावसाळ्यापूर्वी, गादी उन्हात पूर्ण वाळवून, तिची खोळ घालावी. दमट गादी खोळीत कोंडली तर आत बुरशी धरते.