माइनक्राफ्टमध्ये आधी कोणतं जनावर पाळायचं? गाय, मेंढी, कोंबडी की डुक्कर

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे जगून तगायच्या प्रकारात, पहिल्या एक-दोन रात्री निभावल्या, पाण्याच्या कडेला गव्हाचे चार वाफे लावले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुंपण घालून आत आधी कोणाला आणायचं? आमच्या दादरच्या बिल्डिंगमधली मुलं मे महिन्याच्या सुट्टीत एकाच जगात मिळून खेळतात आणि दर वर्षी या प्रश्नावर जिन्यात जोरदार वाद होतो. एकाला लगेच डुक्कर हवं असतं, दुसरी गुलाबी मेंढी सापडेपर्यंत फिरत राहते. घरून खेळायला रोज तासभरच मिळतो, त्यामुळे निवड चुकली तर सुट्टीचा आठवडा वाया जातो. म्हणून हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. मेंढ्या आणा, पण त्यांची संख्या वाढवत बसू नका. वाढवायची ती गाय. कोंबड्या आपोआप जमतील. डुक्कर सगळ्यात शेवटी.

हे मत चाऱ्याच्या हिशोबावर उभं आहे. गाय आणि मेंढी दोघी गहू खातात. कोंबडीला बिया चालतात, मग त्या गव्हाच्या असोत, कलिंगडाच्या, भोपळ्याच्या किंवा बीटच्या. डुकराला गाजर, बटाटा किंवा बीट लागतं. गव्हाचं बियाणं गवत तोडलं की मिळतं, म्हणजे पहिल्याच दिवशी हातात येतं. गाजर-बटाट्यासाठी मात्र बहुतेक वेळा एखादं गाव सापडावं लागतं. क्वचित झॉम्बी मारल्यावर पडतात, पण त्या भरवशावर शेती होत नाही. आणि गाजर-बटाटा हे तुमचंही खाणं आहे. जे जनावर तुमच्याच ताटातलं खातं, ते सुरुवातीला परवडत नाही.

नियम सगळ्यांना सारखाच आहे. दोन मोठ्या जनावरांना त्यांचा चारा दिला की हृदयं उडू लागतात, ती एकमेकांजवळ येतात, पिल्लू होतं आणि खेळणाऱ्याला १ ते ७ अनुभवगुण मिळतात. पिल्लू मोठं व्हायला २० मिनिटं लागतात, म्हणजे खेळातला एक पूर्ण दिवस. पुन्हा जोडी जमवण्यासाठी संगणकावरच्या जावा आवृत्तीत आईबापांना ५ मिनिटं थांबावं लागतं. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत त्याहून कमी. अंधेरीहून चर्चगेटला लोकलने जाईपर्यंत एक पिढी मोठी होऊन जाते. पिल्लाला चारा भरवला तर दर वेळी उरलेल्या वेळाचा दहावा हिस्सा कमी होतो. ऐकायला छान वाटतं, पण सुरुवातीला गहू मोजकाच असतो, तेव्हा तो पिल्लावर घालवू नका. वीस मिनिटं दुसरं काम करा.

मात्र ते काम जवळच करा. मुलं इथे हमखास गोंधळतात. तुम्ही असाल त्याच्या आसपासच्या भागातच काळ पुढे सरकतो. वासरं जन्माला घालून दूरच्या खाणीत उतरलात आणि तासाभराने परत आलात, तर वासरं होती तेवढीच असतात. तुम्ही नसताना तिथला काळ थांबलेला होता. मोबाइलवर तर हा जागा राहणारा परिसर बराच लहान असतो, त्यामुळे गोठा घराला लागून हवा आणि खाणही शक्यतो तिथेच खाली खणावी.

आता गाय. भुकेच्या पट्टीत १० तंगड्या दिसतात आणि प्रत्येक तंगडी म्हणजे २ गुण. भाजलेलं गोमांस ८ गुण देतं, म्हणजे चार तंगड्या भरतात. शिवाय सॅच्युरेशन नावाचा एक न दिसणारा साठा असतो. तो संपेपर्यंत पट्टी खाली यायला लागत नाही, आणि त्यात गोमांस १२.८ ची भर घालतं. गव्हाचा हिशोब मांडून बघा. ३ गव्हाचा १ पाव होतो, त्याचे गुण ५. त्याऐवजी २ गहू जोडीला घातले तर १ वासरू, आणि मोठ्या गायीकडून १ ते ३ तुकडे, सरासरी २. म्हणजे दोन गव्हांचे १६ गुण. वीस मिनिटं थांबायची आणि भट्टी पेटवायची तयारी असेल, तर पाव करून गहू संपवण्यात अर्थ नाही.

पण गाय वाढवायचं माझं खरं कारण मांस नाही, कातडं. एका गायीकडून ० ते २ कातडी मिळतात, सरासरी १. एका पुस्तकाला ३ कागद आणि १ कातडं लागतं. एन्चांटमेंट टेबल, म्हणजे हत्यारांवर मंत्र घालायचं टेबल, बनवायला १ पुस्तक, २ हिरे आणि ऑब्सिडियन या काळ्या दगडाचे ४ ठोकळे. त्या टेबलची पूर्ण ताकद, म्हणजे ३० वी पातळी, हवी असेल तर भोवती १५ बुकशेल्फ लागतात आणि प्रत्येकात ३ पुस्तकं. एकूण ४६ पुस्तकं, म्हणजे ४६ कातडी आणि कागदासाठी १३८ ऊस. दोन-चार गायींवर हे भागत नाही, कळपच लागतो. जावामध्ये एक जोडी पहिल्या वीस मिनिटांत चार वासरं देऊ शकते आणि त्यासाठी फक्त ८ गहू लागतात. पुढच्या वीस मिनिटांत ती चारही वासरं मोठी होतात आणि कळप भराभर वाढतो. या खेळात इतक्या नंतरच्या टप्प्यापर्यंत उपयोगी पडणारं दुसरं जनावर सुरुवातीला मिळत नाही. लूटिंगचा मंत्र असलेली तलवार मिळाली की कातडं आणखी जास्त पडतं, म्हणून थोडी कातडी राखून टेबल लवकर बनवा आणि उरलेली कत्तल नंतर करा.

गाय दूधही देते. रिकामी बादली घेऊन टॅप केलं की भरली, कितीही वेळा. पाठोपाठ दहा बादल्या काढल्या तरी चालतात, चाराही लागत नाही आणि गाय व्यालेली असायची गरज नाही. माझ्या भाचीने विचारलं होतं, "मावशी, खरी गाय अशीच दूध देते का?" तिला गोरेगावच्या आरे कॉलनीतले तबेले दाखवून आणले. १९४९ पासून तिथे म्हशी पाळल्या जातात. व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि त्यासाठी किती वैरण लागते, हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं. मुलांबरोबर खेळत असाल तर अशी एक फेरी जरूर मारा.

मेंढीचं गणित वेगळं आहे. तिचं मांस ६ गुणांचं आणि मारली तर १ ते २ तुकडे, लोकर फक्त १. जिवंत ठेवून कातरली तर १ ते ३ लोकर, आणि ती गवत खाऊन पुन्हा वाढवते. कातर बनवायला २ लोखंडी विटा पुरतात. पलंगाला एकाच रंगाच्या ३ लोकरी आणि ३ फळ्या लागतात. पलंग मिळाला की रात्र टळते. तीन रात्री झोप घेतली नाही तर आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस झडप घालू लागतात, म्हणून मेंढीचं हे काम पहिल्या आठवड्यातलं सगळ्यात निकडीचं आहे. पण त्यासाठी दोन-तीन मेंढ्या खूप झाल्या. त्यांची वीण वाढवण्यात गहू घालवणं म्हणजे गायीच्या तोंडचा घास काढणं.

मेंढीच्या आवारात जमीन हिरवी राहू द्या. दगडी फरशी घातली तर गवत नाही आणि गवत नाही तर लोकर परत येत नाही. अगदी चिंचोळ्या आवारात दाटीवाटीने मेंढ्या ठेवल्या तर सगळं गवत खाऊन माती उरते, म्हणून दोन मेंढ्यांनाही ऐसपैस जागा द्या.

रंगाची हौस असेल तर मात्र मेंढीसारखी मजा दुसऱ्या जनावरात नाही. लोकरीचा एकेक ठोकळा रंगवण्याऐवजी जिवंत मेंढीवर एकदा रंग वापरा, त्यानंतर ती कायम त्याच रंगाची लोकर देते. दोन रंगांच्या मेंढ्यांची जोडी लावली आणि ते रंग एकमेकांत मिसळण्याजोगे असले तर कोकरू मिश्र रंगाचं होतं: लाल आणि पिवळी मिळून नारिंगी, निळी आणि पांढरी मिळून फिकट निळी. रंग मिसळत नसले तर कोकरू आईबापांपैकी एकाच्या रंगावर जातं. गुलाबी मेंढी आपसूक दिसणं अतिशय दुर्मीळ, तेव्हा तिच्या शोधात सुट्टी घालवू नका. लाल फूल, पांढरा रंग आणि एक पांढरी मेंढी पुरते.

कोंबडी ही गव्हाच्या शेताची वरकमाई. कापणीनंतर पेरून उरलेल्या बियांचा सुरुवातीला दुसरा फारसा उपयोग नसतो, त्या हिला घाला. मोठी कोंबडी ५ ते १० मिनिटांनी एक अंडं घालते. अंडं फेकलं की आठात एकदा पिल्लू निघतं, त्यामुळे बिया न घालताही खुराडं भरतं. मांस ६ गुणांचं, एका कोंबडीमागे एकच तुकडा. कच्चं मात्र खाऊ नका, ३० टक्के वेळा भुकेची बाधा होते आणि पट्टी आणखी वेगाने उतरते. पिसं बाणांसाठी लागतात: १ गारगोटी, १ काडी, १ पीस यांचे ४ बाण. जमिनीवर पडलेलं अंडं ५ मिनिटांत नाहीसं होतं, म्हणून खुराड्याखाली हॉपर, म्हणजे वर पडलेल्या वस्तू गोळा करणारं नरसाळं, आणि त्याला जोडलेली पेटी बसवा. ५ लोखंडी विटा आणि १ पेटी यांचा एक हॉपर होतो. मार्च २०२५ च्या अपडेटपासून थंड प्रदेशातली कोंबडी निळी अंडी घालते आणि उष्ण प्रदेशातली तपकिरी. पुढच्या वाटचालीत त्याने काही फरक पडत नाही, पण मुलं त्यासाठी लांब-लांब भटकतात आणि मला त्यांचा तो उत्साह आवडतो.

डुकराबद्दल थोडक्यात. मांस अगदी गोमांसाइतकंच, ८ गुण आणि १२.८ चा साठा, तेही १ ते ३ तुकडे. पण कातडं नाही, दूध नाही, लोकर नाही. चाऱ्यातही दोन भाजलेले बटाटे तुम्हालाच १० गुण देतात, ते डुकराला का घालायचे? तरी डुकरं पाळायचीच असतील तर त्यांना बीट घाला. बीट खाल्लं तर तुम्हाला एकच गुण मिळतो, डुकराला मात्र ते गाजराइतकंच चालतं.

ससा, शेळी आणि मधमाशी या पहिल्या यादीत बसत नाहीत. सशाचं मांस कमी आणि तो हाताला लागत नाही. शेळी मांस देतच नाही.

गर्दीचं एक लक्षात ठेवा. जावामध्ये एका ठोकळ्याएवढ्या जागेत २४ हून जास्त जनावरं कोंबली तर ती मरू लागतात. मोबाइलवर हा नियम नसला तरी फोन गरम होऊन खेळ अडखळतो. वीसेक गायी झाल्या की थांबा. कत्तल करताना मोठी जोडी मात्र राखा, कारण संपलेली जनावरं जवळपास पुन्हा लवकर उगवत नाहीत.

आता ज्यांच्या घरी मांस चालत नाही, किंवा ज्या मुलाला नाव ठेवलेल्या गायीवर तलवार उचलवत नाही, त्यांच्यासाठी. आमच्या बिल्डिंगमध्ये अशी मुलं आहेत आणि त्यांच्या मनाला मी मान देते. त्यांनी क्रम बदलावा: मेंढी पहिली, कोंबडी दुसरी, गाय एखादीच. अंडं चालत असेल तर भोपळा, साखर आणि १ अंडं यांची पंपकिन पाय ८ गुण देते, म्हणजे भाजलेल्या गोमांसाइतके, फक्त साठा कमी. केकला ३ बादल्या दूध, २ साखर, १ अंडं आणि ३ गहू लागतात, आणि त्याचे ७ घास मिळून १४ गुण होतात. जिन्यातल्या वादात हे कोणी सांगत नाही, पण भोपळ्याचा वेल, ऊस आणि सहा कोंबड्या यांच्यावर पूर्ण खेळ चालतो. कातड्याची अडचण उरते. त्यासाठी गावातल्या ग्रंथालयातली बुकशेल्फ शोधा. एक फोडली की ३ पुस्तकं मिळतात. गावातल्या ग्रंथपालाकडून पाचूच्या बदल्यात तयार बुकशेल्फही विकत घेता येते. पाचूसाठी धनगर गावकऱ्याला लोकर विका. पहिल्या पातळीवर तो १८ लोकरींना १ पाचू देतो, आणि कातरलेली मेंढी पुढच्या पाचूसाठी पुन्हा चरत असतेच.