पंपाविना फवारणी-बाटली : टायरच्या व्हॉल्व्हचं झाकण घ्यावं का?

‘पंप मारायची गरज नाही’ असं लिहिलेल्या फवारणी-बाटल्या बघायला गेलं की एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू हाती येतात. एकीत बॅटरीवर चालणारा छोटा डायफ्रॅम पंप असतो, म्हणजे पंप आहेच, फक्त हात दुखत नाही. दुसरी नुसती दाबायची मऊ बाटली. तिसरी नळाच्या पाइपाला जोडायची. आणि चौथी म्हणजे सोड्याच्या रिकाम्या बाटलीवर फिरवून बसवायचं झाकण, ज्यात टायरचा व्हॉल्व्ह, चाप आणि नोझल एकत्र असतात. एकदा हवा भरायची आणि पाणी संपेपर्यंत चाप दाबून फवारत राहायचं.

हे परीक्षण मुख्यतः या चौथ्या प्रकाराचं. पंप यातही नाहीसा होत नाही, तो बाटलीतून निघून सायकलच्या पंपात जातो, एवढंच. पण ही अदलाबदल फायद्याची आहे. साध्या फवारणी-बाटलीत सगळ्यात आधी बिघडतो तो दट्ट्याचा वॉशर आणि त्याखालची रबरी झडप, कारण दोन्ही औषधाच्या पाण्याशेजारी राहतात, तेलकट होतात, फुगतात. इथे ते भागच नाहीत. दाब बाहेरून येतो आणि आत हलणारी वस्तू फक्त चापामागची झडप.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण चुकवतात आणि मग झाकणाला नावं ठेवतात : पाणी किती भरायचं. या बाटलीत पाणी ढकलायचं काम कोंडलेली हवा करते, म्हणून हवेला जागा हवी. समजा बाटलीची पूर्ण क्षमता १ लिटर आहे आणि आपण ३ बार (बार हे दाबाचं एकक) दाब भरला. वातावरणाचा १ बार धरून आतला खरा दाब ४ बार. तीन-चतुर्थांश पाणी भरलं तर हवेला २५० मिली जागा उरते. पाणी संपेपर्यंत ती हवा चौपट फुगून १ लिटर व्यापते, म्हणजे दाब ४ वरून १ वर, गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या, भाषेत शून्यावर येतो. शेवटचा मोठा हिस्सा फवारला न जाता टपटप गळतो. तेच निम्मं पाणी भरलं तर हवा दुप्पटच फुगते, खरा दाब २ बारवर थांबतो आणि शेवटच्या थेंबालाही १ बार जोर मिळतो. म्हणून १ लिटरच्या बाटलीत ५०० मिली, २ लिटरच्या बाटलीत १ लिटर. ‘एवढ्या मोठ्या बाटलीत एवढंच पाणी?’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण उरलेली अर्धी बाटली हाच तुमचा पंप.

दाब १ बारच्या खाली गेला की थेंब मोठे होतात, फवाऱ्याचा शंकू मिटत जातो आणि पाणी पानावर चिकटण्याऐवजी ओघळतं. मधेच सायकलचा पंप लावून पुन्हा ३ बारवर आणता येतं, आणि तेच करावं. ५०० मिली जागेत ३ बार भरायला दीड लिटर मोकळी हवा लागते. उभ्या पंपाला हे आठ-दहा झटक्यांचं काम आहे.

आठ-दहा झटके, हे डोक्यात ठेवावं, कारण कॉम्प्रेसरचा धोका इथेच आहे. गाडीच्या टायरच्या मानानं बाटलीतली जागा इतकी लहान असते की मोठ्या कॉम्प्रेसरची नळी लावली तर काटा बघेपर्यंत दाब हाताबाहेर जातो. हवा हातपंपानं भरावी, पंपावर गेज असावा आणि ४३ पीएसआयच्या आसपास, म्हणजे ३ बारला थांबावं. ज्या झाकणात ३.५ बारच्या आसपास उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही ते घेऊच नये. या एका भागावर तडजोड नाही.

बाटली मात्र सोड्याचीच हवी. फसफसणाऱ्या पेयाची पेट (पीईटी) प्लास्टिकची बाटली मुळात दाब सोसायला घडवलेली असते. तिचा तळ पाच पाकळ्यांचा असतो तो त्यासाठीच. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली, ज्यूसची चौकोनी बाटली, तेलाची बाटली यांना असा दाब दिला तर तळ फुगून बाटली कलंडते किंवा थेट फुटते. काचेच्या बाटलीचा विचारही नको. सोड्याची बाटलीसुद्धा आपटलेली, खरवडलेली किंवा चुरगळून पुन्हा सरळ केलेली नसावी. पेट चुरगळलं की तिथे पांढरट रेघ उमटते, आणि ती रेघ म्हणजे कमजोर जागा.

झाकण बसत नाही, गळतं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा आट्यांमध्ये सापडतं. सोड्याच्या बाटल्यांचं तोंड २८ मिलिमीटरचं, पण त्यात दोन जाती आहेत. जुनी उंच मानेची १८१० आणि नवी बुटकी १८८१. जुनीची मान २१ मिलिमीटर, नवीची १७. आट्यांमधलं अंतरही वेगळं : जुनीत सुमारे ३.२, नवीत २.७ मिलिमीटर. एका जातीचं झाकण दुसरीवर फिरतं, घट्ट लागल्यासारखंही वाटतं, पण आतला वॉशर तोंडावर नीट टेकत नाही. मग माणूस आणखी पिळतो आणि आटे सोलतो. तिसरा गोंधळ साध्या स्प्रे बाटल्यांचा. त्यांचं तोंडही बऱ्याचदा २८ चंच असतं, पण आटे निराळे. त्यामुळे फरशी पुसायच्या द्रवाच्या बाटलीचा चाप सोड्याच्या बाटलीवर कधी कधी बसतो, पाणीही मारतो, पण दाब धरत नाही. धरायचं कारणही नाही, त्याच्या तोंडाशी हवा आत घ्यायचं भोक मुद्दामच ठेवलेलं असतं.

व्हॉल्व्ह कुठे आहे तेही बघावं. चांगल्या डिझाइनमध्ये तो झाकणाच्या जाड अंगातच, बाजूला काढलेला असतो. घरी बनवणारे बाटलीच्या खांद्याला भोक पाडून टायरचा खेचून बसवायचा रबरी व्हॉल्व्ह लावतात. टीआर ४१३ जातीच्या या व्हॉल्व्हला ११.५ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि तो काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला पकड घेण्यासाठी बनलेला आहे. बाटलीची भिंत जेमतेम पाव मिलिमीटर. रबराच्या खाचेला धरायला काहीच मिळत नाही आणि दाब वाढला की व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. घरीच करायचं असेल तर नट आणि दोन्हीकडे वॉशर असलेला धातूचा व्हॉल्व्ह घ्यावा आणि भोक बाटलीला न पाडता जाड झाकणाला पाडावं.

नव्या बाटलीची पहिली चाचणी पाण्यानं करावी. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा जवळजवळ उरू द्यायचा नाही आणि मग पंप मारायचा. पाणी दबत नसल्यानं एक-दोन झटक्यांतच दाब चढतो आणि काही फाटलंच तर स्फोट न होता फक्त चिळकांडी उडते. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब नेला की बाटली आणि तो व्हॉल्व्ह, दोघांचीही परीक्षा एकदम होते. चाचणीच्या वेळी बाटली बादलीत ठेवून वर जाड कापड टाकावं. मग निम्मं पाणी ओतून टाकून ३ बार हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडा आला तर आतली पिन किंचित घट्ट करायची, तरी आला तर पिन बदलायची.

नोझलच्या बाबतीत ही झाकणं एकसारखी नाहीत. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट जातं. अर्ध्या मिलिमीटरचं भोक ३ बारला मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे मिलीपर्यंत पाणी सोडतं. म्हणजे अर्धा लिटर तीन-चार मिनिटं पुरतं, आणि हे माप हाताला सोयीचं आहे. एक मिलिमीटरचं भोक तेवढंच पाणी मिनिटाभरात रिकामं करतं, म्हणजे कुंड्यांची एक ओळही होत नाही. उलट दाब दुप्पट केल्यानं पाणी दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपटीच्या खाली राहतं. तेव्हा फवारा कमी वाटला तर हवा वाढवत बसू नये, नोझल बदलावं. पितळी, फिरवून उघडता येणारं आणि आत भोवरा देणारी चकती असलेलं नोझल घ्यावं. कोरीव चकती नसेल तर धार निघते, धुकं नाही.

भोक जितकं बारीक तितकी गाळणी महत्त्वाची. जाळीचं छिद्र नोझलच्या भोकाच्या निम्म्याहून लहान हवं. अर्ध्या मिलिमीटरच्या नोझलला ८० किंवा १०० मेशची (इंचाला ८० किंवा १०० छिद्रांची) जाळी चालते, ५० मेशची नाही. गाळणी नोझलच्या मागे नसून बाटलीत उतरणाऱ्या नळीच्या बुडाला असेल तर जास्त चांगलं, कचरा झडपेपर्यंत पोहोचतच नाही.

नळीवरूनच या बाटलीचा सगळ्यात मोठा दोष निघतो. साधी पिचकारी तिरकी केली तर तिला हवेचा घोट येतो आणि ती क्षणभर अडते, एवढंच. इथे नळीचं टोक पाण्याबाहेर आलं की कोंडलेली हवाच फस्सकन बाहेर जाते. दोन-तीन सेकंद चाप दाबलेला राहिला तर पाणी तसंच आणि दाब खलास. मावा, लाल कोळी, पिठ्या ढेकूण अशा किडी पानाखाली बसतात, आणि पानाखाली मारायला हात आपोआप बाटली उलटी करतो. काही झाकणांत ताठ नळीऐवजी मऊ सिलिकॉनची नळी आणि तिच्या टोकाला पितळी वजनाची गाळणी असते. बाटली कुठेही कलंडली तरी टोक पाण्याच्या मागे जातं. ताठ नळीचं झाकण आधीच घेतलं असेल तर ही नळी नंतरही लावता येते. तेही जमत नसेल तर बाटली उभीच ठेवून नोझल वर वळवणारी वाकडी दांडी लावावी.

काय भरावं? साधं पाणी, विद्राव्य खताचं पातळ द्रावण, निंबोळी तेल. निंबोळी तेलाचं नेहमीचं माप १ लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण. आधी तेल आणि साबण एकजीव करायचं, मग थोड्या कोमट पाण्यात, मग उरलेल्या पाण्यात. बाटली बंद असल्यानं ढवळता येत नाही, म्हणून दर मिनिटाला हलवत राहायचं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाला जाड डोस बसतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) या बाटलीत नको. चुन्याचा गाळ जाळी बंद करतो आणि चुन्याची अल्कली पेटला हळूहळू तडे पाडते. धुण्याचा सोडाही त्याच कारणासाठी नको. काम झालं की साध्या पाण्यानं फवारून नोझल धुवायचं आणि बाटली उभी ठेवायची. आडवी ठेवली तर औषध व्हॉल्व्हच्या पिनेत शिरतं, स्प्रिंग गंजते आणि पुढच्या वेळी हवा टिकत नाही.

दाब भरलेली बाटली उन्हात ठेवू नका असं सांगतात ते बरोबर आहे, पण कारण लोकांना वाटतं ते नाही. पंचवीस अंशांवरून पंचावन्नवर गेलं तरी आतल्या खऱ्या ४ बारचे साधारण ४.४ होतात, फार नाही. खरी अडचण पेटची आहे : ते सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि त्याआधीच सैलावू लागतं, शिवाय उन्हानं कालांतरानं ठिसूळ होतं. उघडताना आधी बाटली उभी धरून व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडायची, मगच झाकण फिरवायचं.

बाकीच्या प्रकारांपैकी गंभीरपणे घ्यावा असा एकच, नळाच्या पाइपाला जोडायचा. यात पाण्याची धार अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब पडतो आणि बाटलीतलं द्रावण ओढलं जातं. मिनिटाला कित्येक लिटर पाणी जात असल्यानं हिरवळीला खत द्यायला उत्तम, कुंडीतल्या गुलाबाला औषध मारायला वाया. प्रमाण छापील आकड्यावर सोडू नये. बाटलीत साधं पाणी भरून १० लिटरची बादली भरायची आणि बाटलीतून किती गेलं ते बघायचं. २०० मिली गेलं आणि तुम्हाला लिटरला ५ मिली औषध हवं असेल, तर १० लिटरला लागणारं ५० मिली औषध त्या २०० मिलीत असायला हवं, म्हणजे एक भाग औषध आणि तीन भाग पाणी. ओढ थांबली तर आधी बाटलीच्या झाकणातलं हवेचं भोक बघा, ते बुजलं की बाटली चिंबते. पुढे बारीक नोझल किंवा लांब नळी जोडली तरी ओढ मरते. आणि नळ व बाटली यांच्यामध्ये उलट प्रवाह रोखणारी झडप नसेल, तर नळाचा दाब पडताच औषध पिण्याच्या पाण्यात परत जाऊ शकतं. तशी जोडणी करू नये.

मऊ बाटली दाबून फार तर झारीसारखं पाणी पडतं. रोपांच्या ट्रेला तेवढं पुरतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून आत वायू तयार करायची युक्ती मात्र वाईट आहे : वायूचा बराच भाग पाण्यातच विरघळतो, हलवलं की पुन्हा बाहेर येतो, दाबाचा अंदाज लागत नाही, आणि उरलेलं सोडियमचं क्षार-पाणी पानांवर जातं.

वीस-पंचवीस कुंड्या, एखादी छोटी वेल, ऑर्किडचं कपाट एवढ्या पसाऱ्याला व्हॉल्व्हचं झाकण घ्यावं. सेफ्टी व्हॉल्व्ह, पितळी नोझल आणि मऊ वजनदार नळी तिन्ही असतील तरच. त्याहून मोठी बाग असेल तर दर अर्ध्या लिटरला हवा भरण्याचा कंटाळा येईल, पाठीवरचा पंपच बरा. सुट्या भागांत व्हॉल्व्हची पिन गाडीच्या टायर-पंक्चरच्या दुकानात मिळते. ओ-रिंगा (सांध्यांतल्या गोल रबरी कड्या) मात्र झाकण घेतानाच जादा मागून घ्याव्यात आणि त्या नायट्राइल रबराच्या आहेत का ते विचारावं. निंबोळी तेलात ईपीडीएम या दुसऱ्या रबराच्या रिंगा फुगतात आणि चाप अडकू लागतो.