इंग्रजीच्या वर्गात डिजिटल गोष्टी: काही महिने वापरल्यानंतर

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या वर्गात मी गेले बरेच महिने डिजिटल गोष्टी करून घेतेय. विद्यार्थ्याने आपल्या आयुष्यातली एक छोटी गोष्ट लिहायची, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि फोटो किंवा चित्रं जोडून 2-3 मिनिटांचा व्हिडिओ करायचा, एवढाच हा उद्योग. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांच्या कार्यशाळांमधून ही पद्धत घडली. तिथे भाषा शिकवणं हा हेतू नव्हता, साध्या माणसांना आपली गोष्ट सांगता यावी हा होता. भाषेच्या वर्गात ती चालते तीही त्यामुळेच. ‘काय बोलू?’ हा प्रश्नच उरत नाही.

माझ्या मते यातला खरा फायदा रेकॉर्डिंगमध्ये आहे, व्हिडिओ हे निमित्त. एरवी वर्गात कुणी ‘वॉक्ड’ म्हटलं की मी ‘वॉक्ट’ म्हणून दुरुस्त करते, मूल मान डोलावतं आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘वॉक्ड’. रेकॉर्डिंग करताना तेच मूल स्वतःचा आवाज ऐकतं, थांबतं, परत ऐकतं आणि न सांगता पुन्हा बोलतं. गोष्ट घडून गेलेली असल्यामुळे भूतकाळ पावलोपावली लागतो. त्यामुळे ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’ या ‘-ed’ च्या तिन्ही शेवटांचा सराव आपोआप होतो. त्यांचा तक्ता फळ्यावर लिहून इतका सराव माझ्याकडून कधी झाला नव्हता.

आवाज रेकॉर्ड करायला आम्ही ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे आणि आवाजाची लाट पडद्यावर दिसते. अडखळत वाचणाऱ्याची लाट तुटक दिसते, प्रत्येक शब्दानंतर मोकळी जागा. मग आम्ही संहितेवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारतो: इथे श्वास, इथे नाही. ‘व्हेन आय वॉज स्मॉल’ एका दमात, मग थांबा. पुढच्या रेकॉर्डिंगला लाटेचे सलग पुंजके दिसले की मुलांना स्वतःची प्रगती डोळ्यांनी कळते. एक सूचना मात्र पहिल्याच दिवशी द्या: प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे आवाजाची फाइल तयार झाली असं नाही, ती वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. नाहीतर व्हिडिओ जोडायच्या दिवशी अर्धा वर्ग न उघडणाऱ्या फाइल घेऊन बसतो.

संहिता 250-300 शब्दांची ठेवा. या मर्यादेने लिखाणाचं फार भलं होतं. एका विद्यार्थिनीने आजोबांच्या सायकलवर लिहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात ‘माय ग्रँडफादर वॉज अ व्हेरी गुड मॅन’ अशी चार-पाच वाक्यं होती. शब्द कमी करायला सांगितल्यावर ती सगळी गेली आणि त्यांच्या जागी आलं: ‘ही नेव्हर लेट मी टच द बेल.’ व्याकरण चोख आणि आजोबा समोर उभे! ते वाक्य तिने किती वेळा रेकॉर्ड केलं असेल कोण जाणे, पण शेवटचं ऐकताना मला भरून आलं.

त्रासही आहेत. सगळ्यात मोठा त्रास भाषांतराच्या अ‍ॅपचा. मुलं मातृभाषेत लिहून ते इंग्रजीत उतरवून आणतात आणि मग स्वतःच लिहिलेलं वाचता येत नाही, कारण ते त्यांचं नसतंच. आता कागद-पेन मी नंतर देते. आधी गोल करून बसायचं आणि गोष्ट तोंडी सांगायची. अडलं तर मातृभाषेतला शब्द खुशाल वापरायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. लिहायला बसेपर्यंत निम्मी वाक्यं तोंडात तयार असतात. संगणकाचा तयार आवाज लावायची सोय अनेक अ‍ॅपमध्ये असते. माझ्या वर्गात तिला बंदी आहे. बोलायचं कामच मशीनला दिलं तर शिकणार काय?

व्हिडिओचं संपादन हे वेळखाऊ प्रकरण. मोकळं सोडलं तर मुलं फिरती अक्षरं आणि संगीत निवडण्यात तास घालवतात. म्हणून मी त्याला थोडकाच वेळ देते आणि इफेक्ट्सना गुण देत नाही. चित्रं स्वतः काढलेली किंवा स्वतः टिपलेली असावीत, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर इतरांना वापरू दिलेली. इंटरनेटवरून उचललेली नकोत. घरच्यांचे फोटो असतील तर त्यांची परवानगी हवी आणि व्हिडिओ वर्गाबाहेर जाता कामा नये. यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. हे तयारीचं बोलणं आहे, समोरच्याशी आयत्या वेळी बोलण्याची सवय यातून लागत नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओनंतर प्रश्नोत्तरं ठेवलीत. कागद बाजूला, उत्तरं इंग्रजीत, जमतील तशी. सायकलवालीला कुणीतरी विचारलं, ‘व्हेअर इज द सायकल नाऊ?’ ती बराच वेळ बोलली, चुका करत, पण न थांबता. पुढच्या सत्रात या प्रश्नोत्तरांना मी व्हिडिओइतकाच वेळ देणार आहे.